डिसेंबरात पिसं टाकणारी कोंबडी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा मजकूर. बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "तर" जरा कमी केलेत.)

मागून जो आवाज येतोय तो आमचा कोंबडा आहे. एडिटिंगमध्ये काढून बघितला, निघत नाही. आजचा विषय त्याच्याच घरातला आहे, तेव्हा असू दे.

नवीन कोणी ऐकत असेल तर थोडक्यात सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, कॉम्प्युटरमध्ये बीटेक. महिन्यातून एकदा पुण्याला ऑफिस, बाकी काम घरून, आणि घर निफाड तालुक्यात. हिवाळ्यात निफाडची एकच बातमी असते: पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सगळ्या चॅनेलवर फिरतो. पाच अंश, सहा अंश, कधी त्याच्याही खाली. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. तर अशा गावात, अशा थंडीत, मागच्या डिसेंबरात आमच्या भुरीच्या अंगावरची पिसं गेली.

भुरी म्हणजे आमची गिरिराज कोंबडी. आमच्याकडे तेव्हा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. दोन गिरिराज, चार गावठी. पिल्लं आणली ती जून महिन्यात. पहिला हिवाळा काही न होता गेला, कारण पोरी वर्षाच्या आतल्या होत्या. कोंबडीची पहिली मोठी पीसगळ साधारण दीड वर्षाच्या आसपास येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली खूश होते. एक एक्सेल शीट केली होती, कोणी कधी अंडं दिलं त्याची. हसू नका, सवय आहे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तांबडीची पिसं गळायला लागली. हळूहळू, इकडं एक, तिकडं एक. ती दिसायला ठीकच होती, नुसती जरा मळकट. मी लक्षही दिलं नाही. भुरी मात्र अंडी देत राहिली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी शीटमध्ये भुरीच्या रांगेत टिका पडतच होत्या. आणि मग डिसेंबरात एका आठवड्यात तिनं सगळंच टाकलं. सकाळी खुराडं उघडलं तर आत उशी फाटल्यासारखा पिसांचा ढीग. मान उघडी, छाती उघडी, शेपूट नाहीच. तुरा फिका पडून बारीक झालेला. बाहेर सहा अंश. मला वाटलं, ही आता जाणार.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या आईला म्हणाल्या, "ताई, कापून टाका आता. दोन महिने बसून खाईल नुसती." हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्यावर.

आता मी काय केलं ते सांगते, कारण हा भाग मी त्याच्यासाठीच करतेय.

पहिलं, खुराडं पॅक केलं. आमचं खुराडं विटांचं, चार बाय सहा फूट, वर पत्रा, दोन बाजूंना जाळी. द्राक्षाच्या कामातला प्लास्टिकचा कागद घरात होताच. तो चारही बाजूंनी ताणून बांधला, फट म्हणून ठेवली नाही. दुसरं, आत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला, रात्रभर. तिसरं, मी रील बघितली होती, परदेशातल्या कोंबड्या लोकरीचे स्वेटर घालून फिरतायत. फार गोड दिसतात. मी माझ्या जुन्या माकडटोपीला दोन भोकं पाडली आणि भुरीला ती घातली. वर रोज सकाळ-संध्याकाळ तिला उचलून घ्यायचे, कुठं काय झालंय ते तपासायला.

ती उचलल्यावर ओरडायची. एरवी ती अगदी गरीब. मला वाटलं, आजारी आहे म्हणून चिडचिड करतेय.

खरं कारण असं. जुनं पीस गळतं आणि त्याच जागेतून नवं वर येतं. ते येताना साळिंदराच्या काट्यासारखं दिसतं, निळसर, टोकदार, पातळ आवरणात गुंडाळलेलं. त्या प्रत्येक काट्यात जिवंत रक्त असतं. पीस पूर्ण वाढलं की रक्त मागं हटतं, आवरण सुटतं, भुसा होऊन पडतं, आणि पीस उलगडतं. तोपर्यंत तो काटा दाबला तर दुखतो आणि मोडला तर रक्त येतं, चांगलं वाहतं. म्हणजे मी दिवसातून दोनदा अंगभर असल्या काट्यांच्या कोंबडीला दाबून धरत होते, आणि रात्रभर तिच्यावर लोकर घासत होती.

पाचव्या-सहाव्या दिवशी टोपीखाली एक काटा मोडला. पंखाजवळचा, मोठा. रात्री कधीतरी. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात, त्यात दुष्टपणा नाही, ती त्यांची खोड आहे. आणि रात्री एरवी त्यांना काही दिसत नाही, अंधारात त्या गप बसतात. पण मी बल्ब लावला होता ना. सगळ्यांना सगळं दिसत होतं.

सकाळी भुरी कोपऱ्यात होती. जखम धुतली, हळद दाबली, तिला घरात आणलं, पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी गेली. शीटमध्ये तिची रांग अजून आहे, मी ती काढलेली नाही.

(इथं मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशीचं आहे.)

मग मी आजीला फोन केला, आईच्या आईला. तिनं जन्मभर कोंबड्या पाळल्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पिसं टाकत होती ती. हात लावायचा नाही आणि पोटभर घालायचं, एवढंच असतं." मी तीन रात्री व्हिडिओ बघत होते आणि हिला एक फोन केला नव्हता.

तर आता नीट बघू. पिसं गळतात का? दिवस लहान होतो म्हणून. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, तिच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, कवटीतून आत झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. नाशिककडे जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरातला अकराच्या आत-बाहेर. हा फरक तिच्या शरीराला कळतो आणि ते ठरवतं की अंडी बंद, आता अंगावरचा कपडा बदलायचा. क्रम बहुतेक ठरलेला: आधी डोकं-मान, मग छाती आणि पाठ, मग पंख, शेपूट. सगळं मिळून दोन-तीन महिने लागतात.

आणि आता काकूंच्या वाक्याकडे येते. सगळ्या कोंबड्या एकाच वेळी, एकाच वेगानं पिसं टाकत नाहीत. ज्या कमी अंडी देतात त्या बहुतेक लवकर सुरू करतात आणि रमतगमत महिनोन् महिने टाकत बसतात. ज्या चांगली अंडी देतात त्या उशिरापर्यंत देत राहतात आणि मग एकदम, धबाधबा सगळं टाकून मोकळ्या होतात. कोंबडीपालनात ही जुनी ओळखीची खूण आहे. म्हणजे ऐन थंडीत जी सगळ्यात भयानक दिसते, उघडीनागडी, ती बहुतेक वेळा तुमची सगळ्यात चांगली कोंबडी असते. आणि नेमकी तीच "बसून खाते" म्हणून आधी कापली जाते. आमच्या शीटमध्ये भुरी पहिल्या नंबरवर होती. काकूंनी सांगितलं म्हणून नाही, मी जीव लावला म्हणून ती गेली, पण हिशेब तोच झाला.

बसून खाते हेही खरं नाही. पीस जवळपास सगळं प्रथिनांचंच असतं, नव्वद टक्क्यांच्या आसपास. एका अंड्याला सहा-एक ग्रॅम प्रथिनं लागतात. अंडी बंद झाली तरी ते काम थांबत नाही, ते अंगावर चालू होतं. आम्ही काय घालत होतो? मका आणि बाजरी. मक्यात प्रथिनं नऊ टक्के धरा, बाजरीत अकरा. कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. म्हणजे तिच्या पोटात दहा-बारा ग्रॅम जात होती, त्यातली सगळी अंगी लागत नाहीत. पिसं भरून यायच्या काळात खाण्यात अठरा ते वीस टक्के तरी हवीत. आम्ही तिला निम्म्यावर ठेवलं होतं आणि वर टोपी घातली होती.

या वर्षी मी असं केलं: सत्तर भाग मका-बाजरी भरडून, पंचवीस भाग सोयाबीनची पेंड, दुकानात तिला डीओसी म्हणतात, आणि पाच भाग सुकट. हिशेब वीसच्या जरा वरच जातो. सुकट धुऊन, वाळवून घालायची, कारण तिच्यात मीठ असतं आणि जास्त मीठ कोंबडीला विष आहे. सोयाबीन घरचं असलं तरी कच्चे दाणे घालू नका, ते पचत नाहीत, उलट प्रथिनं पचवण्यात अडथळा आणतात. शेंगदाण्याची पेंड चालते, पण बुरशीचा जरा जरी वास आला तर फेकून द्या, त्यात जीव वाचवायचा प्रयत्न नको. शिवाय थोडं खनिज मिश्रण. हे सगळं करायला वेळ नसेल तर पिल्लांचं तयार खाद्य आणा, त्यात प्रथिनं जास्त असतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य या दिवसांत एकट्यानं नको, त्यात कॅल्शियम भरपूर आणि ती अंडी तर देत नाहीये. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या अंड्यावर आहेत त्या खातील. संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी मात्र मी मूठभर अख्खा मका टाकते. भरल्या पोटानं रात्र बरी जाते, हे माणसाला जसं तसंच.

उकडलेलं अंडं कुस्करून घातलं तरी चालतं. आईला हे बघवत नाही, ती तोंड फिरवते.

आता थंडीचं. कोंबडीचं अंग एकेचाळीस-बेचाळीस अंशांवर असतं. पिसं फुगवून ती मधे हवा कोंडते, तीच तिची गोधडी. पिसं नसली की गोधडी विरळ होते, म्हणजे ऊब टिकवायला जास्त खावं लागतं. पण थंडीपेक्षा तिला मारतो तो ओलावा आणि अंगावर येणारा वारा. हे मला प्लास्टिकनं शिकवलं. त्या पॅक खुराड्यात पहाटे पत्र्याच्या खालच्या बाजूनं थेंब टपकत होते. सात जीवांचा श्वास, विष्ठेतली ओल, सगळं आतच. भुसा भिजलेला. आत डोकं घातलं की डोळे चुरचुरायचे, तो अमोनिया. माझे दोन मिनिटांत चुरचुरले, त्या अख्खी रात्र त्यात होत्या.

आता पत्र्याच्या लगत, त्यांच्या डोक्यापेक्षा बरंच वर, चार बोटांची फट दोन्ही बाजूंना मोकळी ठेवलीय. दमट हवा तिथून निघून जाते. खाली, त्या बसतात त्या उंचीवर, उत्तरेच्या बाजूला गोणपाट लावलंय, कारण हिवाळ्यात बोचरा वारा तिकडून येतो. जमिनीवर चार इंच भाताचं तूस, दर दोन दिवसांनी खालीवर करते, ओलं झालेलं काढते. माझी परीक्षा सोपी आहे. सकाळी उकिडवं बसून तोंड आत घालायचं. डोळे चुरचुरले तर आज साफसफाई.

बसायला आधी बांबू होता, गोल आणि बारीक. आता तीन इंची फळी टाकलीय. तिच्यावर कोंबडी पाय पोटाखाली घेऊन बसू शकते, बोटं झाकली जातात. फळी खाली बांधलीय, गुडघ्याएवढी. पंखातली पिसं गेलेल्या कोंबडीला वर उडता येत नाही आणि उंचावरून उतरताना ती आपटते. तुमच्या कोंबड्या रात्री झाडावर चढत असतील तर या दिवसांत तेवढं बघा. चढता आलं नाही तर ती खालीच बसते, आणि खाली मुंगूस येतं.

बल्ब काढला. मोठ्या, धडधाकट कोंबडीला, कोरडी जागा आणि पोटभर खाणं असेल तर आपल्याकडच्या थंडीत बल्ब लागत नाही. तूस, पिसं, गोणपाट आणि तापलेला बल्ब, एवढं एका पेटीत ठेवून झोपायचं हे मी इंजिनीअर असून केलं, याचंच मला आता नवल वाटतं. पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना ऊब लागतेच. आणि एखादी फारच उघडी पडलेली असेल, पारा पाचवर असेल, तर रात्रीपुरतं तिला पडवीत डालग्याखाली ठेवा, खाली तूस, वर गोणपाट, एका बाजूनं हवा मोकळी. सोबत एखादी शांत मैत्रीण द्या. एकटी ठेवली तर ती खात नाही, आणि चार दिवसांनी परत गटात सोडली की मार खाते.

पाणी सकाळी कोमट देते. गार पाणी त्या पीत नाहीत आणि पाणी कमी प्यालं की खाणंही कमी होतं. अंगणात ऊन आलं की मगच सोडते, साधारण साडेआठला. माझं स्टँडअप साडेनऊला असतं, मधल्या तासात उन्हात बसून चहा. कोपऱ्यात चुलीची कोरडी राख आणि माती मिसळून ठेवलीय, त्या तिच्यात लोळतात. राख ओली होऊ देऊ नका, कातडीला झोंबते.

एक महत्त्वाचं राहिलं. पिसं गेली म्हणजे दर वेळी पीसगळच असं नाही. पीसगळीत कोंबडी जरा सुस्त असते, पण डोळे टवटवीत, खाते, आणि उघड्या जागेवर ते निळसर काटे दिसतात. फक्त पाठीवरची पिसं घासून गेली असतील तर तो कोंबड्याचा प्रताप. शेपटीखालची कातडी लाल आणि पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे असतील तर उवा. रात्री टॉर्च घेऊन फळीच्या फटी बघा. लाल बारीक किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात. आणि मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा, श्वासाला घरघर, असं काही दिसलं तर वाट बघू नका. ती मानमोडी असू शकते, तडक पशुवैद्यकीय दवाखाना.

जाता जाता एक. ही पीसगळ कारखान्यातही घडवून आणतात. अंडी कमी झालेल्या कोंबड्यांना दिवसेंदिवस उपाशी ठेवायचं, म्हणजे सगळ्या एकदम पिसं टाकतात आणि नंतर पुन्हा जोरात अंडी देतात. भारतीय पशु कल्याण मंडळानं २०११ मध्ये असं उपाशी ठेवणं बंद करायला सांगितलं. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्या दोन महिन्यांनंतर कोंबडी किती ताजीतवानी होऊन परत येते. उपाशी मारूनही लोकांना ते परवडत होतं, मग पोटभर घालून थांबायला आपल्याला काय हरकत आहे?

या वर्षी पाळी काळीची आहे. गावठी, पण शीटमध्ये सध्या तिचीच रांग भरलेली. तिनंही उशीर केला आणि नोव्हेंबरच्या शेवटी एकदम सगळं टाकलं. शेजारच्या काकू परवा परत म्हणाल्या, "हिचं काय करणार?" आई या वेळी माझ्याआधी बोलली. म्हणाली, "संक्रांतीपर्यंत थांबा, मग अंडी मागायला याल."

आज बेचाळिसावा दिवस. मी तिला एकदाही उचललेलं नाही. मान भरली, छातीवर काटे उलगडतायत, शेपटीच्या जागी काळ्या ब्रशासारखं काहीतरी आलंय. तुरा अजून फिका आहे. तो लाल व्हायला लागला की अंडं जवळ आलं असं आजी म्हणते. रोज सकाळी तुरा बघते, शीटमध्ये रिकामा चौकोन सोडते आणि लॅपटॉप उघडते.

चला, नऊ पंचवीस झाले. काळीचं पहिलं अंडं आलं की पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन. भेटू.